घागरीच्या आडून

मामाजी, मधे घागर न ठेवता तुमच्याशी असं निवांत बोलायची ही माझी पहिलीच वेळ. डोक्यावर पदर आहे, पण तो सवयीचा. तुम्ही आता खाकरणार नाही, मी चुलीकडे तोंड फिरवणार नाही आणि भिंतीपलीकडून "घागरी, तिले सांग" असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा सरळच बोलते.

परवा तुमची तेरवी झाली. जेवणं नीट पार पडली. वाढायला माणसं होती, भात चिकट झाला नाही. मी रडले नाही हे आलेल्या बायांनी पाहून ठेवलं आहे, ते पुढे कधीतरी मला ऐकवतीलच. जो तो ओसरीवर टेकला आणि एकच बोलून गेला, म्हातारा सुटला, डोकंच गेलं होतं, वय झालं की असंच. मला हे ऐकवत नाही. हळवेपणा म्हणाल तर तो माझ्यात नाही, तुम्हाला माहीत आहे. मला राग येतो तो त्या बोलण्याच्या घाईचा. वय झालं आणि डोकं गेलं, एवढ्यात सगळं उरकलं. मधे आपण जे पाहिलं, करून बघितलं, ज्यावरून भांडलो, ते कुठे गेलं? तेरवीपासून मी एका जागी बसू शकलेले नाही. शिवणाचं मशीन गावी आणून ठेवलं आहे, त्यावर बसते, बाही उलटी जोडते, उसवते, उठते. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे.

मी भंडाऱ्याच्या शाळामास्तरांची मुलगी. आमच्याकडे वडीलमाणसांशी बोलायची पद्धत होती. तुमच्या घरी आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की सून सासऱ्याशी बोलत नाही. मी विचारलं, काही सांगायचं असलं तर? "कोनाले तरी सांगाचं." आणि घरात कोणीच नसलं तर? त्या हसल्या आणि ओसरी न् सैपाकघर यांच्या मधल्या बुटक्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर पितळेची पाण्याची घागर होती. "हिले सांगाचं."

मला वाटलं थट्टा करतात. संध्याकाळी तुम्ही जेवलात, हात धुतलात आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"घागरी, त्या नव्या बाईले सांग, वरन झकास झालं. मीठ कोनं टाकलं तेवढं शोध."

सासूबाई काही बोलायच्या आत मी म्हटलं, "घागरी, इथे तुझ्याशिवाय दुसरं कोणी दिसत नाही. तूच टाकलं असशील."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पलीकडून ठसका आला. तुम्ही हसता हसता ठसकला होतात, हे मला नंतर कळलं. तिथून आपलं जमलं. पुढची सगळी वर्षं घरातली प्रत्येक गोष्ट, कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, काय पेरायचं इथपासून नणंदेचं स्थळ कसं आहे इथपर्यंत, त्या घागरीने ऐकली. तुमचा मुलगा गोंदियाला बिडी कारखान्यात मुनीम होता, शनिवारी छोट्या लाइनीच्या गाडीने अर्जुनीला उतरून यायचा. त्याच्यापेक्षा मी घागरीशी जास्त बोलले असेन.

गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम तुमच्याकडे होतं. पाणकर म्हणत तुम्हाला. आज कुणाच्या बांधीत पाणी, पाऊस ओढला तर कुणाचं आधी, कुणाला दोन घटका कमी, हे सगळं तुमच्या डोक्यात असे. अजून अंधार असतानाच तुमचं खाकरणं ऐकू येई, म्हणजे मी पदर सावरायचा. मग तुमची बिडी. मग लोटा घेऊन पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पलीकडे. तिथून तसेच तलावाच्या सगळ्या पाळीवरून चालत जाऊन तुडूम उघडायचं, म्हणजे तलावाच्या पोटातून पाणी सोडायचं दार. मग पाटापाटाने बांध्या बघत घरी. तोवर ऊन वर आलेलं असे. आल्या आल्या बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला, सकाळपर्यंत जरासा आंबलेला, वर कांदा आणि जवसाची चटणी. पहिल्या वर्षी मला तो वास सहन होत नसे. मी नाक मुरडलेलं तुम्ही भिंतीपलीकडून कसं ओळखलंत, कोण जाणे.

"घागरी, मास्तराच्या पोरीले सांग, तलावाचं तुडूम गाळानं बसलं का पानी सडते. वरून किती चांगलं दिसो. मानसाचंबी तसंच. खालचं तुंबलं का वरचं बिघडते. बासी खाल्ली का तुंबत नाई."

"घागरी, वरचं म्हणजे काय?"

"डोस्कं. आनखी काय."

मी म्हटलं, माझ्या वडिलांना आयुष्यभर पोटाची तक्रार आहे आणि ते अजून सगळ्या शाळेचे पाढे घेतात. तुम्ही म्हणालात, "मंग त्याहिले लय राग येत असन." ते मात्र खरं होतं.

तर आपलं भांडण इतकं जुनं. तेव्हा ते नुसतं करमणुकीचं होतं.

मग मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली. तलाव सरकारचा झाला. पाणी सोडायला दुसरा माणूस आला, तो कधी येई, कधी न येई. तुम्ही काही दिवस तसेच जात राहिलात. मग त्याने एकदा लोकांसमोर तुम्हाला हटकलं, आणि तुम्ही जाणं सोडलंत. त्याच सुमारास सासूबाई गेल्या. तुमचा मुलगा म्हणाला, बाबांनी आता इथे एकटं कशाला राहायचं, जन्मभर राबले, आता आराम करावा. मी आधीच मुलांच्या शाळेसाठी गोंदियाला बिऱ्हाड केलं होतं. तुम्हीही आलात. सामानात घागर आली, ती मधल्या दारात बसली.

तुम्हाला कुणी वाईट वागवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण गावात अजून उलटं बोलतात. तुमच्यासाठी नवी खाट आणली. सकाळी अंथरुणात चहा आणि टोस. राइस मिलचा तांदूळ, फुलासारखा पांढरा भात, वर तूप. पाण्याचा पेला तुम्ही उचलायचा नाही, जोडे उचलायचे नाहीत, बाजारात जायचं नाही, रस्त्यावर ट्रक आहेत. तुमच्या मुलाच्या लेखी मान म्हणजे हेच, वडिलांना हात हलवू द्यायचा नाही. शेजारी म्हणत, म्हाताऱ्याचं नशीब बघा. तुम्हीही म्हणत होतात, "घागरी, मी तं राजा झालो." आणि दिवसभर खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होतात.

बासी बंद झाली होती. तुमचा मुलगा म्हणे, मुनिमाच्या घरी शिळं खातात असं लोक म्हणतील. मला त्या वासातून सुटका झाली, मी कशाला बोलते.

पहिल्यांदा तुम्ही दिवसाढवळ्या झोपू लागलात. मग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. रोवणी लागली का? पुन्हा, रोवणी लागली का? धानाची लावणी, आणि भर उन्हाळ्यात. मग चिडचिड, जी तुमच्यात कधीच नव्हती. घागरीला एकदा तुम्ही शिवी दिलीत. मी चुलीपाशी थिजले. माझ्यासाठी होती की घागरीसाठी, तेवढंसुद्धा त्या दिवशी कळेना.

आणि मग ती दुपार. तुम्ही कुठून तरी फावडं मिळवलंत. गल्लीतल्या नालीला बिडी कारखान्याच्या शेठच्या वाड्यापाशी वळण होतं. तिथला कडेचा मातीचा बांध तुम्ही फोडलात आणि नालीचं सगळं पाणी शेठच्या अंगणात सोडलंत. अंगणात बिड्यांसाठी आणलेल्या तेंदूपत्त्याचे पुडके रचले होते. मी धावत पोचले तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे होतात, चेहऱ्यावर किती समाधान! पाणी बरोबर उताराने चाललं होतं. काम चोख होतं, एवढं मी म्हणेन.

"पहिलं वरच्या बांधीले," तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. "मंग तुमचं. ढकलाढकली नोको."

शेठ चप्पल हातात घेऊन पाण्यातून बाहेर आला. "मुनीमजी! ये क्या तमाशा है? पूरा पत्ता भीग गया! बाप को संभालो, नहीं तो नागपूर ले जाओ, पागलखाने में!"

गल्ली हसली. तुमचा मुलगा हसला नाही. तो त्याच शेठच्या गादीवर बसत होता. रात्री जेवताना त्याने भाताकडे बघत सांगितलं, की पुढच्या आठवड्यात बाबांना नागपूरला नेतो. मी म्हटलं, दवाखान्यात? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, कोणत्या? तो उठला आणि हात धुवायला गेला.

त्याला वाईट वाटत नव्हतं असं समजू नका. त्याने आधी डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर सभ्य माणूस होता, खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसला. मी दाराआड उभी.

"बाबा, आपण कोणत्या राज्यात राहतो?"

"सी.पी.त."

डॉक्टरने तुमच्या मुलाकडे बघितलं. तुमचा मुलगा म्हणाला, "बाबा, सी.पी. जाऊन मध्यप्रदेश झाला. आता तेही नाही. आता आपण मुंबई राज्यात आहोत."

"कोनाले इचारून?" तुम्ही म्हणालात.

मी दाराआड हसले. गोंदियात त्या वर्षी हा प्रश्न कुणालाही विचारला असता तर निम्मे लोक नागपूरला पाठवावे लागले असते. पण पुढचे प्रश्न सोपे होते आणि तुम्हाला तेही आले नाहीत. नातवाचं नाव आलं नाही. महिना आला नाही. तुम्ही घाबरून माझ्या दाराकडे, म्हणजे घागरीकडे, बघितलंत. डॉक्टर उठताना म्हणाला, "उमर का असर है. अब ये बढ़ता ही जाएगा." नागपूरचं नक्की झालं.

त्यानंतरच्या सकाळी मी भांडी घासत होते. तुमचा लोटा फळीवर होता. घासायला घेतला तर त्याच्या तोंडावर कोळिष्टक. मी तो उलटा केला. आत धूळ. कोरडा ठणठणीत.

त्या बिऱ्हाडाचा संडास माझ्या चुलीच्या बरोब्बर समोर होता, मधे चार हातांचं अंगण. मी पहाटेपासून चुलीशी. दुपारी दारात शिवणाचं मशीन. संध्याकाळी पुन्हा चुलीशी. मला एकदम आठवेना, की तुम्हाला मी लोटा घेऊन जाताना शेवटचं कधी पाहिलं होतं. तुम्ही पाणी पीत नव्हतात, पेले तसेच परत येत. भात अर्धा सोडत होतात. आम्ही म्हणत होतो, वय झालं, भूक मंदावली.

मी घागरीपाशी गेले. सवयीने तिच्याशीच बोलले. "घागरी, मामाजींचं पोट साफ होतं का, विचार."

उत्तर नाही.

"घागरी, मोठ्याने विचार."

खाट करकरली. उत्तर नाही.

मग मी पदर नाकापर्यंत ओढला, बाहेर आले आणि तुमच्या खाटेसमोर उभी राहिले. एवढ्या वर्षांत तुमच्यासमोर अशी उभी राहिले नव्हते. तुम्ही आधी माझ्या पायांकडे बघितलंत आणि मग गर्रकन भिंतीकडे तोंड केलंत.

"मामाजी, घागरीला कळत नाही म्हणून मी विचारते. संडासला जाता की नाही?"

"जा इथून."

"सांगा, मग जाते."

"लाज नाई तुले?"

"आहे. पण तुम्हाला नागपूरला नेताहेत, वेड्यांच्या दवाखान्यात. लाज तिथे ठेवून येऊ का?"

तुम्ही भिंतीकडे तोंड करूनच रडलात. आवाज न करता, पाठ हलत होती. मग म्हणालात, "तू तिथंच बसून राहतेस. सुनेच्या डोऱ्यापुढून लोटा घेऊन कसा जाऊ? मानसानं पाळीवर जाव, मोकळ्यात जाव. हे काय, घराच्या पोटात." पुढे म्हणालात, "पानीच नाई पेत मी. पेलं नाई का जा लागत नाई."

मामाजी, मला त्या क्षणी तुमची दया आली नाही. मला एवढा राग आला की हातातला लोटा आपटावासा वाटला. तलावभर पाणी वाटणारा माणूस घोटभर पाण्यावाचून वाळत होता, आणि कशासाठी, तर सासरा-सुनेचा मान राहावा म्हणून. मी तिथे बसून तुमचा मान ठेवत होते, तुमच्याकडे न बघून. तुम्ही खाटेवर बसून माझा मान ठेवत होतात, न उठून.

पुढचं मी भराभर केलं. कंपाउंडरला बोलावून एनिमा, मग रात्री एरंडेल, मग चिचगडकडून येणाऱ्या माणसाकडून जंगलातला हिरडा. संडासाच्या वाटेवर तरटाचा पडदा ठोकला. चूल उचलून मागच्या खोलीत नेली. धूर कोंडला, मी खोकले, पण चूल तिथेच राहिली. तुमच्या मुलाला सांगितलं, नागपूर पुढच्या महिन्यावर टाका. तो म्हणाला, डॉक्टर सांगतो आहे ते तुला खोटं वाटतं? मी म्हटलं, खरं असेल तर पुढच्या महिन्यातही खरंच राहील.

पोट मोकळं व्हायला लागलं, पाणी पोटात जायला लागलं, आणि हळूहळू, गढूळ पाणी निवळावं तसे तुम्ही निवळत आलात. एका सकाळी खाकरण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. मी मागच्या खोलीत पदर सावरला.

"घागरी, त्या शेठले इचार, पाला वारवला का? का सडू देल्ला तसाच?"

मी घागरीला धरून उभी राहिले. "वाळवला म्हणावं. निम्मा वाया गेला."

"उतार मातर बरोबर होता," तुम्ही म्हणालात.

नागपूर रद्द झालं. मी मुलांना तुमच्या मुलावर सोपवलं, ती आता मोठी होती, आणि तुम्हाला घेऊन गावी आले. रोवणीपासून कापणीपर्यंत राहायचं म्हणून आले आणि राहिलेच. नणंद म्हणाली, "वयनी, नवरा सोडून सासऱ्यासंगं राहतेस, लोकं हासून राहिले." मी म्हटलं, हसू दे, त्यांचंही पोट हलेल.

पुन्हा पाळ, पुन्हा लोटा, पुन्हा बासी. सरकारी माणूस येत नसे तेव्हा लोक तुम्हालाच विचारायला लागले. घरच्या धानाचा हाताने कांडलेला लालसर तांदूळ. दुपारी ओसरीवर माणसं, गप्पा, आरडाओरडा. तुम्ही नातवाचं नाव घेतलंत, बांध्यांची नावं घेतलीत, आणि मग अर्थातच मला टोचायला सुरुवात केलीत.

"घागरी, मास्तराच्या पोरीले इचार, कोन खरं ठरलं? पोटच निघालं का नाई?"

"घागरी, सांग, पोट एकटं नव्हतं. चालणं सुरू झालं, काम मिळालं, बोलायला माणसं मिळाली, पाणी प्यायला लागले. एकदम एवढं बदललं. भात बिघडला आणि मी तांदूळ, पाणी, भांडं, जाळ सगळंच बदललं, तर कशाने सुधारला ते कसं सांगू?"

"भात सुधारला ना? खा मंग."

"पण पुढच्या वेळी बिघडला तर?"

यावर तुम्ही बिडी पेटवलीत. मग म्हणालात, "पुढच्या बारीचं पुढच्या बारीले पाहू."

पुढची बारी आली, मामाजी. आणि इथेच माझं घोडं अडलं आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुम्ही एका बांधीचं नाव विसरलात. मी त्याच दिवशी घागरीमार्फत विचारलं, पोट? "साफ." मी विश्वास ठेवला नाही, चार दिवस लक्ष ठेवलं. साफ होतं. पाणी पीत होतात. बासी खात होतात. पाळ चालत होतात. मग दुसरी बांधी गेली. मग तुडूम कुठल्या बाजूला फिरवायचं ते. मग शनिवारी आलेल्या मुलाला तुम्ही "बसा, पावने" म्हणालात. तो माझ्याकडे बघत राहिला. मी रोज सकाळी विचारत होते, झालं का? आणि तुम्ही रोज सांगत होतात, झालं. मला ते उत्तर नको होतं. मला वाटायचं, एकदा तरी "नाई" म्हणा. मी एरंडेल काढते, हिरडा उगाळते, पडदा ठोकते, चूल हलवते, काय पाहिजे ते करते. पण तुम्ही म्हणत होतात, झालं.

म्हणजे भांडण मी जिंकले. पोट साफ असूनही डोकं जातं. घागरीला हे सांगायला मी कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. अशा माणसाशी भांडण कसलं जिंकायचं, ज्याला भांडणच आठवत नाही? तुमचं खरं निघालं असतं तर मला चाललं असतं. फार चाललं असतं.

पण मग मधली ती दोन वर्षं कुठून आली? ती कुणी दिली? म्हाताऱ्यांचं डोकं जातं ते जातंच, हे खरं असेल, तर नागपूरच्या दारातून तुम्ही परत कसे आलात? एक तुंबणं मोकळं झालं आणि दुसरं होत नव्हतं, असं काही आहे का? आधीच आलो असतो गावी, आणलंच नसतं गोंदियाला, तर आणखी वर्षं मिळाली असती का? की तेवढीच? मी शिवण घेऊन बसते आणि हेच टाके घालते, उसवते.

सगळं गेलं तरी तुमचं खाकरणं राहिलं होतं. मुलगा पाहुणा झाला, पण सैपाकघराच्या भिंतीपाशी आलात की खाकरायचात. मी म्हणायचे, एवढं आहे ना, बस. आणि मग एक सकाळ आली, मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, पदर खांद्यावर पडलेला, आणि तुम्ही न खाकरता आलात आणि माझ्यासमोर मांडी घालून बसलात. माझ्या तोंडाकडे बघत. माझे हात सुपात तसेच राहिले.

"कोनाची वं तू?"

मी म्हटलं, "इथलीच."

"कामाले आहेस का या घरी?"

"हो."

"माही सून कुठं गेली?"

"येईल."

"सांभारून राहजो," तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात. "लय कडक आहे. मीठबी जास्त टाकते." मग सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवलात. "पन बाई, तिनं मले नागपूरले जाऊ नाई देल्लं. माहा पोरगा तयार झालता. हे मले आठोते. मी कधी बोललो नाई तिले. सासऱ्यानं कसं बोलाव? तू सांगजो तिले."

"काय सांगू?"

"सांगजो का..."

मी वाट बघत होते. तुम्ही तोंड उघडून तलावाकडे बघत होतात, पाळीच्या वर ऊन आलं होतं. मग म्हणालात, "आज पाळी कोनाची आहे?"

"वरच्या बांध्यांची," मी म्हटलं. खरी की खोटी, देव जाणे. तुम्ही मान हलवलीत आणि उठून गेलात.

मी त्या वेळी सांगू शकले असते, की मीच ती. पण मग तुम्ही दचकून तोंड फिरवलं असतंत, आणि मी पदर ओढला असता, आणि पुन्हा मधे घागर आली असती. म्हणून तांदूळ निवडत राहिले. जन्मात एकदा तुम्ही माझ्याशी तोंडावर बोललात, ते मी कोण हे विसरल्यामुळे. ते वाक्य पुरं करायला तुम्ही पुन्हा आला नाहीत. मी त्यानंतर रोज त्याच जागी, पदर खांद्यावर टाकून बसत होते, हे मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्याचं उत्तर आज देते. नागपूरला जाऊ दिलं नाही, ते मला काही कळत होतं म्हणून नव्हे. माझ्याकडे एका कोरड्या लोट्याशिवाय काही नव्हतं. खात्री तेव्हा नव्हती, आज तर मुळीच नाही. पण तेवढ्यावर दोन वर्षं तुम्ही मिठावरून मला बोलत राहिलात. ती वर्षं मला पुरली नाहीत, एवढं तुमच्या त्या कामवाल्या बाईतर्फे तुम्हाला कळवते. आणखी एक राहिलं. राज्य पुन्हा बदललं. आता महाराष्ट्र झाला. या वेळीही तुम्हाला कुणी विचारलं नाही.

आता कालचं. सकाळी मी चुलीशी होते. ओसरीवरून खाकरण्याचा आवाज आला आणि मी पदर डोक्यावर घेतला. घेतल्यावर ध्यानात आलं. तुमचा मुलगा होता. तुम्ही गेल्यावर आलेला, अजून परत गेला नाही. भिंतीपाशी उभा राहिला. शेठच्या गादीवर सगळ्यांना दरडावणारा माणूस, मान खाली. परवा त्याने मला एकच गोष्ट दोनदा विचारली होती, मांडवाच्या कनाती परत गेल्या का. मी दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं आणि दुसऱ्या वेळी हातातलं पातेलं उगाच परत घासलं होतं.

तो घागरीकडे बघत म्हणाला, "घागरी, तिले सांग..."

मी घागर उचलून खाली जमिनीवर ठेवली. "मी आहे इथे. माझ्याकडे बघून बोला."

"चार दिवस झाले," तो म्हणाला. "होतच नाही. गोंदियातही असंच चालू आहे, बरेच दिवस. दिवसभर गादीवर बसून..."

"पाणी किती पिता?"

त्याने खाली ठेवलेल्या घागरीकडे बघितलं. कान लाल झाले होते.

कशापासून काय सुरू होतं, हे मला अजून कळलेलं नाही, मामाजी. दुःखाने होतं, जागरणाने होतं, कुणालाही होतं, आणि एक प्रश्न माणूस दोनदा विचारतोच. पण मी वाट बघत बसणार नाही. उद्या अंधारातच त्याला उठवून पाळीवर नेणार आहे, कुरकुरला तरी. मीही बरोबर चालणार. बासीला तो नाक मुरडेल, अगदी माझ्यासारखं.

तुम्ही जिंकलात असं मी अजून म्हणत नाही. आज भात जास्तीचा टाकला आहे.